नावाला जागणारी गावे

फराळाची ताटे रिकामी झाली, की घरोघरी प्रवासाच्या गप्पा निघतात. कोणी महाबळेश्वर म्हणते, कोणी काश्मीर. आज आम्ही वाचकांना जरा लांब नेणार आहोत. अमेरिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या वाळवंटात. ग्रँड कॅन्यन सगळेच पाहतात. आपण मोटार आडवाटेला घालू. पाणी आणि पेट्रोल तेवढे भरून घ्या. दोन गावांच्या मध्ये उन्हाखेरीज सोबत नाही!

पहिले गाव ॲरिझोनातले ओटमन. इथे सोन्याच्या खाणी होत्या. खाणी मिटल्या, माणसे पांगली. ओझी वाहणारी गाढवे मात्र मागे राहिली. त्यांची पिलावळ आज भर रस्त्यात, दुकानांच्या दारात मालकासारखी उभी असते. आपल्याकडे गाढवाचा नांगर फिरला, की गाव उजाड झाले म्हणतात. इथे गाढवांनीच गाव राखले आहे.

पुढे सेलिगमन. शिकागोहून कॅलिफोर्नियाला जाणारा ६६ क्रमांकाचा हमरस्ता या गावातून जाई. १९७८ साली नवा महामार्ग गावाला वळसा घालून गेला आणि गिऱ्हाईक एकाएकी नाहीसे झाले. गावचे न्हावी एंजल डेलगाडिलो स्वस्थ बसले नाहीत. १९८७ साली त्यांनी लोक जमवून संस्था काढली आणि सरकारकडून जुन्या रस्त्याला ‘ऐतिहासिक’ असा दर्जा मिळवला. आता देशोदेशीचे लोक तो रस्ता पाहायला मुद्दाम वाट वाकडी करून येतात.

न्यू मेक्सिकोत शिरलो, की ‘पाय टाउन’ लागते. पाय म्हणजे आपल्या करंजीचा थोरला, गोल चुलतभाऊ. आत फळांचे सारण. १९२० च्या सुमारास एका गृहस्थाने सफरचंदाचे पाय करून विकायला सुरुवात केली आणि गावाला तेच नाव पडले.

तिथून दक्षिणेला ‘हॉट स्प्रिंग्ज’ नावाचे गाव होते. १९५० साली राल्फ एडवर्ड्स यांनी जाहीर केले, की जे गाव आमच्या रेडिओ-कार्यक्रमाचे नाव घेईल, तिथे येऊन त्याचा दहावा वाढदिवस साजरा करू. या गावाने मते घेतली आणि पिढीजात नाव टाकून ‘ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’ झाले. म्हणजे, खरे सांगा, नाही तर परिणाम भोगा! कार्यक्रम केव्हाच संपला; नाव टिकले.

खरे सांगण्याची गोष्ट निघाली, म्हणून परत ॲरिझोनात शिरून बिस्बीला थांबू. हे तांब्याच्या खाणींचे, डोंगरउतारावरचे गाव. मोठ्या खाणींचे काम १९७५ साली थांबले. आता जुन्या बोगद्यात प्रवाशांना छोट्या गाडीतून नेतात. वर चित्रकारांची दुकाने आहेत. सारे कसे गोजिरवाणे! पण १२ जुलै १९१७ रोजी याच गल्ल्यांतून संपावरचे कामगार आणि त्यांच्या बाजूचे लोक, मिळून सुमारे १२०० जण, बंदुकीच्या धाकाने धरले गेले. शेरीफ आणि खाणीची कंपनी एक झाली होती. या माणसांना गुरांच्या डब्यांत कोंबून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडले. पकडणारे आणि पकडले जाणारे एकमेकांचे शेजारी होते. पुढे कित्येक वर्षे गावात हा विषय निघत नसे.

शंभर वर्षे झाली तेव्हा, २०१७ साली, गावकऱ्यांनीच तो दिवस पुन्हा रस्त्यावर उभा केला. कोणी शिपाई झाले, कोणी संपकरी. त्यावर निघालेला ‘बिस्बी १७’ हा चित्रपट पुढच्या वर्षी लोकांसमोर आला. गाढवे आणि करंज्या दाखवून प्रवासी आणता येतात. आजोबांचा अन्याय चारचौघांत मांडणे त्याहून अवघड. बिस्बीने दोन्ही केले.

वाचकांपैकी कोणाची मुले तिकडे नोकरीला असतील आणि सुट्टीत बोलावत असतील, तर ग्रँड कॅन्यन जरूर पाहा. पण एक दिवस बिस्बीसाठी राखून ठेवायला सांगा.