पेनड्राइव्ह, क्लाउड आणि चार घड्यांचा कागद

तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान, पापनाशमपासून थोड्याच अंतरावर तिरुक्करुगावूर हे लहानसे गाव आहे. तेथील देवी गर्भरक्षांबिका. अपत्याची इच्छा असणारी दांपत्ये येथून प्रसादाचे तूप नेतात, तर गर्भवती स्त्रिया पोटावर लावण्यासाठी एरंडेल. माझी कन्या चेन्नईत नोकरीस असते. दोन वर्षांपूर्वी, तिच्या सातव्या महिन्यात, डॉक्टरांची अनुमती घेऊन आम्ही उभयता तिला दर्शनास घेऊन गेलो. बँकेतून निवृत्त झालेला माणूस कागदपत्रांवाचून प्रवास करीत नाही. तिचे सारे तपासणी अहवाल मी एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतले होते. जावईबापूंना माझ्या या खटाटोपाचे हसू आले. त्यांनी तेच अहवाल क्लाउडवरील एका फोल्डरमध्ये ठेवले होते. एका संगणकावर नवा कागद ठेवला की तो त्या खात्याशी जोडलेल्या प्रत्येक यंत्रावर आपोआप पोहोचतो, मग खिशात काही बाळगायचे कशाला, असा त्यांचा प्रश्न होता.

दर्शन उत्तम झाले आणि परतीच्या वाटेवर कन्येला किंचित रक्तस्राव सुरू झाला. आम्ही तिला एका रुग्णालयात नेले. तिचा रक्तगट आरएच निगेटिव्ह. त्यामुळे अँटी-डी इंजेक्शन दिले आहे काय आणि नेमके कोणत्या तारखेस, हे तेथील डॉक्टरीणबाईंना तातडीने हवे होते. घाबरलेल्या कन्येला तारीख आठवेना. मी पेनड्राइव्ह पुढे केला. बाहेरचा पेनड्राइव्ह तेथील संगणकाला लावण्यास मनाई होती. मला राग आला खरा, परंतु शाखाधिकारी असताना हाच नियम मी स्वतः कटाक्षाने पाळायला लावला होता. मग क्लाउड. कन्येचा फोन नवा होता, त्यावर ते खाते अद्याप उघडलेले नव्हते. पासवर्ड दिला तर ओटीपी गेला जावईबापूंच्या मोबाइलवर, आणि जावईबापू त्या वेळी विमानात होते.

अखेर सौभाग्यवतींनी पर्समधून चार घड्या घातलेला एक कागद काढला. इंजेक्शनच्या दिवशी चेन्नईच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला. त्यावर तारीख होती.

संध्याकाळपर्यंत सारे सुरळीत झाले. मात्र तेव्हापासून ‘पेनड्राइव्ह बरा की क्लाउड?’ हा वाद कोणी काढला की मला तो अपुरा वाटतो. ही दोन्ही मुख्यतः वाहने आहेत. आपली चिंता असायला हवी ती ठेवीची.

फ्लॉपी पिशवीत घालून मुख्य शाखेत पोहोचविणारी आमची पिढी. इ. स. २०००च्या सुमारास अवघ्या ८ मेगाबाइटचा पेनड्राइव्ह बाजारात आला, तेव्हा आम्हांला तो चमत्कारच वाटला. त्याला इंटरनेट लागत नाही, तिऱ्हाइताचे खाते लागत नाही. आपली वस्तू आपल्या मुठीत राहते. पण मूठ सैल होते. ड्रॉपबॉक्सच्या संस्थापकाला ही सेवा सुचली तीच मुळी बसप्रवासात पेनड्राइव्ह घरी विसरल्यामुळे, असे तो सांगतो. शिवाय या यंत्रातून त्या यंत्रात फिरताना पेनड्राइव्ह विषाणूही वाहून नेतो. २०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेट इराणच्या अणुप्रकल्पात शिरला तो याच मार्गाने, असे मानले जाते.

रोजच्या कामासाठी क्लाउड अधिक सोयीचा आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. कोअर बँकिंग आल्यावर ग्राहक शाखेचा न राहता बँकेचा झाला; क्लाउडने फाइलीचे तेच केले. गल्लत होते ती पुढे. सिंक होणे म्हणजे जतन होणे, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक सिंक आज्ञाधारक आहे. एका यंत्रावर फाइल चुकून पुसली, की ती सर्व यंत्रांवरून पुसली जाते. काही दिवस ती कचरापेटीतून परत मिळू शकते, पण त्या मुदतीत चूक आपल्या ध्यानी तर यायला हवी! बँकेच्या ग्राहकाने आणखी एक भेद जाणून घ्यावा. बचत खात्यात दोन वर्षे ग्राहकाने व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय होते. दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जाते, तरीही ती ग्राहकाची किंवा वारसांची असते आणि मागता येते. गूगलने मात्र २०२३ साली जाहीर केले, की दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते त्यातील मजकुरासह काढून टाकले जाऊ शकते. तेथे वारसाने अर्ज कोठे करावा?

आणि क्लाउड म्हणजे शेवटी कोठल्या तरी इमारतीतील संगणकच. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी डेटा केंद्राला आग लागली आणि शासकीय कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातील सुमारे ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. तिची प्रत अन्यत्र नव्हती.

तिरुक्करुगावूरच्या परिसराला हे दुःख नवे नाही. येथील शिवलिंग वारुळाच्या मातीचे, म्हणून त्यावर जलाभिषेक होत नाही. या स्थानाची स्तुती संबंदर आणि अप्पर या दोन्ही संतकवींनी तेवारम् पदांत केली. परंपरा सांगते, की ही पदे चिदंबरमला एका बंद खोलीत ठेवलेली होती. चोळ सम्राट पहिल्या राजराजाच्या काळी दार उघडले तेव्हा बराचसा भाग वाळवीने खाल्लेला होता. कुलूप शाबूत होते! याच पापनाशमजवळच्या उत्तमदानपुरम् गावचे, १८५५ साली जन्मलेले उ. वे. स्वामिनाथ अय्यर कुंभकोणमच्या महाविद्यालयात शिकवीत आणि गावोगावच्या घरांतून ताडपत्रे मिळवीत. ‘जीवकचिंतामणी’ त्यांनी १८८७ साली छापला, तो अनेक हस्तलिखिते ताडून पाहून. एखाद्या प्रतीत गळलेली ओळ दुसऱ्या घरातील प्रतीत सापडे. (आपल्या सरफोजीराजांनी भोसले कुळाचा इतिहास १८०३ साली तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरवून घेतला. दगडाला ओटीपी लागत नाही.)

नातू आता दीड वर्षाचा आहे. त्याच्या लसीकरणाचे पुस्तक क्लाउडवर आहे आणि त्या खात्याला आता कन्येचाही मोबाइल क्रमांक जोडला आहे. दुसरी प्रत आमच्या कपाटातील पेनड्राइव्हवर, तिसरी छापून सौभाग्यवतींच्या पर्समध्ये. मागील महिन्यात सहज तपासून पाहिले, तर तो पेनड्राइव्ह उघडेचना. नवा आणून त्यावर सारे पुन्हा उतरवून घेतले. पर्समधील कागद तेवढा घड्यांवर विरला आहे. त्याचीही नवी प्रत काढायची आहे.