दूरस्थ प्रशिक्षणाची खरी कसोटी

२०२० सालच्या मार्च महिन्यात सारा देश घराघरांत कोंडला गेला, तेव्हा ज्या व्याधीचे नावही काही महिन्यांपूर्वी कोणाच्या कानी पडले नव्हते, तिच्यावर उपचार करण्याचा भार तालुक्यातालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांवर आणि परिचारिकांवर येऊन पडला. आणि त्यांना शिकवू शकतील अशा मोजक्या जाणकारांना आपल्या अतिदक्षता विभागातून क्षणाची उसंत नव्हती. पडद्यावरून शिक्षण देण्यावाचून गत्यंतरच उरले नाही. केंद्र सरकारने एप्रिलमध्ये ‘दीक्षा’ या मंचावर तयार पाठ उपलब्ध केले. जुलैत दिल्लीच्या एम्सने निरनिराळ्या प्रांतांतील कोविड रुग्णालयांच्या डॉक्टरांशी प्रत्यक्ष रुग्णांविषयी दृक्‌श्राव्य चर्चा सुरू केली. माझ्या मते यांतला दुसरा मार्गच प्रशिक्षण या नावास पात्र आहे. पहिला फार तर त्याची पूर्वतयारी होय.

हे मत निराधार नाही. अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रांतात डॉ. संजीव अरोरा या यकृततज्ज्ञांनी २००३ साली ‘इको’ नावाचा उपक्रम आरंभिला. हेपटायटिस-सीचे रुग्ण दूरदूरच्या गावांतून त्यांच्याकडे येत आणि महिनोन्‌महिने तिष्ठत राहत. अरोरांनी रुग्णाऐवजी ज्ञानच गावाकडे धाडले. दर आठवड्याला गावोगावचे डॉक्टर पडद्यासमोर जमत, आपापला रुग्ण मांडत, सल्ला घेत आणि उपचार मात्र स्वतःच करीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत विद्यापीठाच्या रुग्णालयात आणि या ग्रामीण केंद्रांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ सारखेच, शेकडा ५८ च्या आसपास, आढळले. शिकणाऱ्याच्या खांद्यावर रुग्णाची जबाबदारी होती आणि पुढच्या आठवड्यात त्याला त्याचा जाब द्यावयाचा होता, हे त्या यशाचे मर्म.

कोविडच्या काळात याच रीतीने काय शिकवता आले असते, ते पाहा. नाकावाटे उच्च प्रवाहाने प्राणवायू देणारे यंत्र मिनिटाला ६० लिटरपर्यंत वायू ओढते. सात हजार लिटरचा जंबो सिलिंडर त्या वेगाने दोन तासही पुरत नाही. हा हिशेब परिचारिकेने आपल्याच कक्षातील खाटा आणि सिलिंडर मोजून तज्ज्ञासमोर मांडला, तर तो तिला रात्रीच्या पाळीत नेमका आठवेल. याउलट श्वासनलिकेत नळी असलेल्या रुग्णाला पालथे करणे, अथवा दूषित पीपीई किट स्वतःला संसर्ग न होऊ देता उतरवणे, ही हातांची विद्या आहे. ती शेजारी उभे राहून चुकलेला हात धरणाऱ्या शिक्षकाकडूनच यावयाची.

आणखी एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. दिवसभराची ड्युटी संपल्यावर, स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या खर्चाच्या रिचार्जने आणि परक्या भाषेत जे शिकावे लागते, त्याला शिक्षण म्हणणे हा त्या कर्मचाऱ्यावर अन्याय आहे. धडगाव-अक्कलकुव्यासारख्या दुर्गम तालुक्यांतील ज्या पाड्यांवर रेंजच पोहोचत नाही, तेथल्या आशाताईकडून प्रमाणपत्राची अपेक्षा करण्यापूर्वी सरकारने आपल्या तरतुदी तपासाव्यात.

साथ ओसरली म्हणून पडद्यावरील चर्चेची ही व्यवस्था मोडून टाकू नये. प्रत्येक जिल्ह्यात आठवड्यातील एक दुपार अशा मराठी संवादासाठी राखून ठेवावी, ती ड्युटीच्या हजेरीत धरावी, आणि प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात प्रात्यक्षिक शिकवणारी एक अनुभवी परिचारिका नेमावी. त्या दुपारी पडद्यासमोर बसणाऱ्यांच्या जागी कक्षात कोण राहील, हेही त्याच हुकुमात नमूद असावे.