झगा आणि खांदा



सणाचा दिवस जवळ आला की आपल्या बंधुसंघाच्या, जुन्या मंडळींच्या भाषेत कॉन्फ्रारियाच्या, पेटीतील तांबडे झगे बाहेर निघून उन्हात पडतात. त्यांच्याबरोबर दरवर्षीचा एक प्रश्नही बाहेर निघतो. मिरवणुकीत क्रूस कोणी धरावयाचा आणि छत्राचे दांडे कोणाच्या हाती द्यावयाचे? गतवर्षी ह्या प्रश्नावर दोन सभा झाल्या. तिसरी सभा भरण्यापूर्वीच आपल्या धर्मग्रामातील एक वृद्ध मजूर वारला. त्याला जवळचे असे कोणी नव्हते. शवपेटी दफनभूमीपर्यंत नेण्यास मला चार खांदे मिळेनात. अखेर शेजारच्या दोघा हिंदू तरुणांनी खांदा दिला, तेव्हा त्या बिचाऱ्याला मूठमाती मिळाली.

कोणास दोष द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही. निरोप वेळेवर धाडण्यात मीही कमी पडलो असेन. परंतु बंधुसंघ मुळात कशासाठी निर्माण झाले, हे एकदा सर्वांपुढे मांडावे, असे त्या दिवसापासून मनात घोळत आहे.

१५ ऑगस्ट १४९८ रोजी, पवित्र मरीयेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणी, लिस्बनच्या कॅथीड्रलमधील एका चॅपेलात राणी लिओनोर हिच्या आश्रयाखाली एक बंधुसंघ स्थापन झाला. ही राणी म्हणजे राजा दुसरा जुआंव ह्याची विधवा. तिचा भाऊ राजा मानुएल त्या वेळी परदेशी असल्याने राज्याचा कारभारही तीच पाहत होती. संघाचे नाव ‘मिसेरिकॉर्दिया’, म्हणजे दया. आरंभीच्या नियमांप्रमाणे सभासद शंभर असत, आणि त्यांत खानदानी लोकांप्रमाणेच हातावर पोट असणाऱ्या कारागिरांनाही स्थान होते. त्यांचे ध्येय एका वाक्यात सांगता येईल. ख्रिस्तसभेने शिकविलेली दयेची चौदा कृत्ये नुसती पाठ करावयाची नाहीत, तर वाटून घेऊन करावयाची. भुकेल्यास अन्न, तहानलेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, परक्यास आसरा, आजाऱ्याची शुश्रूषा, बंदिवानाची सोडवणूक आणि मृतास मूठमाती ही सात कृत्ये देहासाठी. अज्ञान्यास शिकविणे, दुःखिताचे सांत्वन करणे, अपराध्यास क्षमा करणे इत्यादी सात आत्म्यासाठी. हे बंधू तुरुंगात अन्न नेत, देहदंडाची शिक्षा झालेल्या माणसाबरोबर वधस्थानापर्यंत चालत जात, आणि फासावर राहिलेली हाडे वर्षातून एकदा सन्मानाने उचलून आणून पुरीत. ज्याला स्पर्श करण्यास जग कचरते, त्याला खांदा देणे हेच त्यांचे ब्रीद होते.

पोर्तुगीज गेले तेथे हा संघ गेला. सोळाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच गोव्यात मिसेरिकॉर्दिया उभी राहिली. रुग्ण, कैदी, विधवा व अनाथ मुली ह्यांचा भार तिने उचलला. दूरदेशी मरण पावलेल्यांची मालमत्ता त्यांच्या वारसांकडे पोहोचविण्याचे जोखमीचे कामही तिच्याकडे असे. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा ह्या बंधूंवर मोठा विश्वास होता. १५४९ साली होर्मुझला निघालेल्या फादर गास्पर बार्झेउस ह्यांना त्यांनी ज्या सूचना दिल्या, त्यांत मिसेरिकॉर्दियाच्या बंधूंशी स्नेह राखण्याची सूचना आहे. तसेच पश्चात्तापी लोक भरपाई म्हणून जो पैसा देतील, त्याचा मूळ धनी सापडत नसेल, तर तो संघाच्या हाती द्यावा, असेही त्यांनी सुचविले. खरा गरजू कोण हे संघाचे लोक जाणून असत, आणि पैशाच्या व्यवहारातून धर्मगुरूही मोकळा राही. आम्हा धर्मगुरूंनी आजही ध्यानात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

परंतु चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सतराव्या शतकात लिस्बनच्या नियमावलीत सभासदाच्या रक्ताची शुद्धता पाहण्याची अट होती. गोव्यातील कित्येक गावी तर जातीजातींचे निराळे बंधुसंघ झाले, झग्याचा रंग प्रतिष्ठेचे चिन्ह ठरला, आणि मानापानावरून भांडणे झाली. ज्या वस्त्राने देणाऱ्याचे नाव झाकावयाचे, त्यानेच घराण्याचे नाव मिरविले. आपल्या सभांतील वाद नवा नाही, हे ह्यावरून दिसून येईल.

आता पूर्वेकडे वळू. १५६९ साली मकाव येथे बिशप मेल्किओर कार्नेरो ह्यांनी मिसेरिकॉर्दिया स्थापिली, आणि १५८३ मध्ये जपानातील नागासाकी शहरी तिची शाखा म्हणावी असा संघ उभा राहिला. येथे पुढाकार घेतला तो साकाई शहरातून आलेल्या जुस्तिनो नावाच्या जपानी गृहस्थाने व त्याची पत्नी जुस्ता हिने. सभासद त्याच भूमीतले आणि पहिल्या पिढीचे ख्रिस्ती. त्यांनी महारोग्यांची सेवा पत्करली, वृद्धांना आसरा दिला. ह्याच नागासाकीच्या टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रूसावर मरण आले. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया त्यांतलेच एक. तेही धर्मगुरू नव्हते, फ्रान्सिस्कन संघाचे साधे बंधू होते. सव्विसांपैकी सतरा जण तर प्रापंचिकच होते.

१६१४ साली धर्मगुरूंच्या हद्दपारीचा हुकूम निघाला. चर्चे पाडण्यात आली, आणि काही वर्षांत मिसेरिकॉर्दियाचे चर्चही गेले. लपून राहिलेला अखेरचा धर्मगुरू, कोनिशी मान्शो, १६४४ मध्ये हुतात्मा झाला. त्यानंतर मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, बिशप नाही. मग काय उरले? उरले ते बंधुसंघ. संकट येणार हे ओळखून त्यांची लहान लहान गटांत बांधणी केलेली होती, आणि त्याच घडीवर गावोगाव लपलेले ख्रिस्ती जगले. नागासाकीजवळील उराकामी येथे कामे ठरलेली असत. एकाने उपासनेची दिनदर्शिका सांभाळून सण व उपवासाचे दिवस सांगावयाचे. एकाने बालकांना बाप्तिस्मा द्यावयाचा. एकाने घरोघर निरोप पोहोचवावयाचा. धर्मगुरूविना मरणाऱ्याने खऱ्या अंतःकरणाने पश्चात्ताप कसा करावा, ह्याचे एक जुने पुस्तक त्यांच्या मुखी होते. ते बापाने मुलाला शिकविले आणि मुलाने नातवाला.

अशी दोनशेहून अधिक वर्षे लोटली. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा येथील नव्या चर्चच्या दारी काही शेतकरी स्त्रीपुरुष आले. फादर पेतिजाँ प्रार्थनेस बसले असता एका स्त्रीने हळूच सांगितले की, आमचे अंतःकरण व तुमचे अंतःकरण एकच आहे. नंतर तिने पवित्र मरीयेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. सध्या दुःखाचा काळ चालू आहे, हेही त्या लोकांना ठाऊक होते. तो उपवासकाळाचा सतरावा दिवस होता! सात पिढ्यांत एकाही धर्मगुरूचे तोंड न पाहिलेल्या माणसांनी दिवसांची गणती चुकविली नव्हती. त्यांची परीक्षा मात्र संपली नव्हती. पुढे उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपारी भोगावी लागली, आणि १८७३ साली बंदी उठल्यावर जे वाचले ते घरी परतले.

बंधूंनो, ह्या लोकांजवळ झगे नव्हते, छत्र नव्हते, मिरवणूक तर स्वप्नातही नव्हती. वर्चस्वाचे सारे काही गेले, सेवेचे तेवढे राहिले, आणि त्यानेच ख्रिस्तसभा तगली. उद्या मला येथून दुसरीकडे धाडले आणि माझ्या जागी कोणी आले नाही, तर आपल्या धर्मग्रामात काय उरेल? पेटीतले झगे की माणसे?

झगे टाकून द्या, असे मी म्हणत नाही. प्रभूच्या सन्मानार्थ ते अवश्य घाला. परंतु येत्या सभेत छत्राच्या दांड्यांचा विषय घेण्यापूर्वी एक साधी गोष्ट ठरवू या. प्रत्येक वस्तीसाठी बंधुसंघाचा एक निरोप्या नेमावा. कोणाच्या घरी आजार आहे, कोणाची चूल पेटली नाही, कोण एकटा पडला आहे, हे त्याने दर रविवारी मिस्सेनंतर सांगावे. कोणी वारल्यास चार बंधूंनी हातातले काम टाकून यावे. त्या चौघांच्या यादीत पहिले नाव माझे लिहा. उरलेल्या तीन जागा मी रिकाम्या सोडतो.

प्रभूची कृपा तुम्हां सर्वांवर असो.