बक्षीसपत्रावर सही करण्याआधी

लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये ठराव केला: आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातून ३० टक्के कापून ते थेट आईवडिलांच्या खात्यात टाकायचे. कपात झालीही. दोषींत शिक्षक होते, याचे फार वाईट वाटते.

पण शेतकऱ्याच्या पोराला पगार कुठला? तिथे सातबारा हेच म्हाताऱ्यांचे बळ. म्हणून नांदेड-लातूरकडच्या वडीलधाऱ्यांना कळकळीची विनंती: जमीन, घर लेकरांच्या नावे करताना बक्षीसपत्रात ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ असे स्पष्ट लिहून घ्या. अट मोडली, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली दस्त रद्द करून मागता येतो. त्याहून बरे मृत्युपत्र. दोन साक्षीदार पुरतात, नोंदणीची सक्ती नाही आणि हयातीत ते कितीदाही बदलता येते.