हृदयासाठी घराघराला जाहीर आवाहन

नागरिक बंधू-भगिनींनो,


29 सप्टेंबर हा जागतिक हृदय दिन. त्यानिमित्त प्रभातफेऱ्या निघतील, व्याख्यानं होतील, आणि ती व्हावीतच. तालुक्याच्या गावात रुग्ण तपासताना जे रोज दिसतं, ते मात्र मला थेट तुमच्या घरापर्यंत पोहोचवायचं आहे. हृदयविकार होतो एकाला, पण त्याला वाट करून देणाऱ्या सवयी सगळ्या घराच्या असतात. भाजीत मीठ किती पडतं, मशेरीचा डबा कुणाकुणाच्या हाताशी असतो, रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर काय ठरतं, हे सगळं घर मिळून ठरवत असतं. म्हणून ही विनंती अख्ख्या घराला आहे.

‘पित्त झालंय’ म्हणून थांबू नका

छातीच्या मधोमध दाब किंवा आवळल्यासारखं दुखणं, हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, दरदरून घाम, धाप, मळमळ, ही हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणं आहेत. अशा वेळी आपण ओवा चावतो, सोडा पितो, बाम चोळतो आणि ‘सकाळी बघू’ म्हणून आडवे होतो. इकडे हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते आणि तिच्या पुढचा स्नायू रक्ताविना मरत असतो. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असो की अँजिओप्लास्टी, पहिल्या तासा-दोन तासांत तिचा जो उपयोग होतो, तो पुढे झपाट्याने कमी होत जातो.

बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कधीकधी छातीत दुखतही नाही. नुसती धाप लागते, पाठ भरून येते, अचानक गळून गेल्यासारखं वाटतं. घरातली बाई असं सांगत असेल तर ‘कामाने दमली असशील’ असं म्हणून तिला गप्प करू नका.

लगेच 108 ला फोन करा. महाराष्ट्रात 2014 पासून ही रुग्णवाहिका सेवा मोफत आहे. रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नका, जिने चढायला लावू नका. रात्री-अपरात्री ईसीजी निघतो असं जवळचं रुग्णालय कोणतं, याची चौकशी आजच करा आणि ते नाव भिंतीवर लिहून ठेवा. माणूस कोसळला, हाक मारून हलत नाही आणि त्याचा श्वास नीट चालत नाही, असं दिसलं तर 108 ला कळवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवा. मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, छाती किमान 5 सेंटिमीटर दबेल इतक्या जोराने दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका.

रक्तदाब मोजून घ्या

52 देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाचे निष्कर्ष 2004 साली आले. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा सुमारे 90 टक्के धोका नऊ कारणांशी जोडलेला आढळला: तंबाखू, रक्तातली वाईट चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, आहारात फळं-भाज्या कमी असणं, व्यायामाचा अभाव आणि दारूशी निगडित सवयी. दक्षिण आशियातल्या लोकांना हा झटका इतरांपेक्षा कमी वयात येतो, हेही त्यात दिसलं. या नवांपैकी प्रत्येक गोष्टीवर काही ना काही करता येतं.

रक्तदाब बहुधा त्रास देत नाही, म्हणूनच तो लक्षात येत नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. तिथे ही तपासणी मोफत होते. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू टाळा. आकडा वारंवार 140/90 किंवा त्याहून वर येत असेल तर उपचार हवेतच.

‘गोळी एकदा लागली की जन्माची मागे लागते’ या भीतीने अनेक जण गोळी सुरूच करत नाहीत. काही जण आकडा नॉर्मल आला की ती परस्पर बंद करतात. तो आकडा गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.

ताटाकडे लक्ष द्या

दिवसभरात माणशी 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा मीठ, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. लोणचं, पापड, फरसाण, वेफर्स, बेकरीचे पदार्थ, सुकी मासळी यांतलं मीठही त्यातच धरायचं. सैंधव वापरलं तरी सोडियम पोटात जातंच. आपल्या पंगतीत पानावर सगळ्यांत आधी मीठ वाढतात. लग्नकार्यात आणि भंडाऱ्यात ते मागणाऱ्यालाच वाढा. लिंबू आणि कोशिंबीर मात्र सढळ हाताने वाढा.

चौघांच्या घरात महिन्याला दोन लिटर तेल पुरवायचा प्रयत्न करा. एकदा तळणीला वापरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. महागड्या परदेशी पदार्थांच्या मागे धावायचं कारण नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची उसळ, पालेभाजी, जवसाची चटणी हे आपलं जेवण हृदयाला मानवणारं आहे. घरातल्या प्रत्येकाच्या पानात ते रोज पडू द्या.

तंबाखू घराबाहेर काढा

राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तंबाखू-चुन्याची चिमूट आणि मशेरी घराघरात आहे. दात घासायची म्हणून मशेरीला कुणी व्यसन मानत नाही. पण तीही तंबाखूच आहे, आणि तिच्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाऊन नाडी आणि रक्तदाब वाढवतं. विडी-सिगारेट सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका जवळपास निम्म्यावर येतो. सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा. सुनेने, मुलाने, नातवंडांनी टोमणे मारू नयेत, सोडणाऱ्याला साथ द्यावी.

दुकानात, कार्यालयात, रिक्षात दिवसभर बसून असणाऱ्यांनी आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालावं. कमरेचा घेर पुरुषांचा 90 आणि स्त्रियांचा 80 सेंटिमीटरच्या आत असावा. पुरेशी झोप घ्या, आणि मनावर ओझं असेल तर ते जवळच्या माणसापाशी बोला.

मंडळांना आणि सोसायट्यांना विनंती

गणेशोत्सव आणि नवरात्र मंडळांनी एक संध्याकाळ रक्तदाब तपासणी आणि छाती दाबण्याच्या प्रशिक्षणाला द्यावी. बचत गटांनी मशेरीमुक्तीचा विषय बैठकीत घ्यावा. सोसायट्यांनी रुग्णवाहिका आत येऊन वळेल एवढी वाट वाहनांपासून मोकळी ठेवावी आणि रात्री फाटकाची किल्ली कुणाकडे असते हे सगळ्यांना सांगावं. शाळांनी मुलांकडून 108 पाठ करून घ्यावा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. योजनेत असलेलं जवळचं रुग्णालय माहीत करून घ्या, रेशन कार्ड आणि आधार कार्ड एकत्र, हाताशी ठेवा.

या आठवड्यात घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजून घ्या. आणि छातीत दुखलं तर दिवस असो वा मध्यरात्र, आधी 108 ला फोन करा.

आपला नम्र,
तालुक्यातला एक डॉक्टर