जुना ट्रॅक्टर घेतलात? पहिला आठवडा तो अंगणातच राहू द्या



गुरांच्या बाजारात बैल घेताना आपले वाडवडील काय करीत, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. आधी बैलाचे दात पाहावयाचे, मग खूर उचलावयाचा, खांद्यावरून हात फिरवावयाचा, चार पावले चालवून बघावयाचे, आणि त्यानंतर उपरण्याखाली बोटे धरून किमतीची बोलणी. माळवी बैलाची अशी पारख असलेल्या घरांतली मुले आज जुना ट्रॅक्टर घेताना मात्र त्याचा नवा रंग पाहून भुलतात, याचे नवल वाटते.

इंदूरच्या आसपास, सांवेर, देपालपूर, महूकडे, थोड्या जमिनीवर भाजीपाला किंवा पेरूची बाग करणारे पुष्कळ आहेत. पंधरा-वीस अश्वशक्तीचा छोटा डिझेल ट्रॅक्टर झाडांच्या ओळींतून सहज फिरतो, म्हणून तो त्यांना सोयीचा. नवा परवडत नाही तेव्हा जुना घ्यावा, त्यात कमीपणा नाही. पण माझे मत असे आहे की, पैसे मोजले त्या दिवशी ट्रॅक्टर आपला होत नाही. त्याची तपासणी आणि पहिली निगा पुरी होते, त्या दिवशी तो आपला होतो.

हे मी ठेच लागून शिकलो. सोयाबीनच्या पेरणीचे दिवस, पाऊस पडून गेलेला. विकणारा म्हणाला, "सर्व्हिस झालेली आहे," आणि मी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी इंजिन तापून शेतातच बंद पडले. रेडिएटरच्या जाळीत गव्हाचा भुसा गच्च बसलेला, आत पाणी निम्मेच. हेड गास्केट गेले, आणि मिस्त्री मिळेपर्यंत जमिनीचा वाफसाही गेला. दहा मिनिटे जाळी पाहण्यात घालवली असती तर हे सारे टळले असते.

तेव्हा ट्रॅक्टर पाहावयास जाल तेव्हा विकणाऱ्याने तो आधीच सुरू करून ठेवू नये, असे सांगा. इंजिनाला हात लावून ते थंड आहे याची खात्री करा. थंड इंजिन किती लवकर सुरू होते, यावरून बरेच कळते. सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालेल, पण इंजिन गरम झाल्यावरही तो राहिला तर नोझल, कॉम्प्रेशन किंवा आत शिरणारे पाणी, यांची शंका घ्या. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. रिंगा झिजल्या असण्याचा संभव. काळा धूर बहुधा तुंबलेल्या एअर फिल्टरचा किंवा बिघडलेल्या नोझलचा. ऑईलची पट्टी काढून पाहा. ऑईल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. अवजार वर उचलून इंजिन बंद करा आणि दूर उभे राहून बघा. ते भराभर खाली आले तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे. तासांच्या मीटरवर विसंबू नका, तो बदलताही येतो. क्लच-ब्रेकच्या पायट्या किती झिजल्या आहेत आणि स्टिअरिंग किती मोकळे फिरते, ते अधिक खरे सांगतात.

कागदपत्रेही तितकीच महत्त्वाची. चासी व इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहा. बँकेच्या कर्जाची नोंद असेल तर ती उतरवून घ्या. 1988च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे घेणाऱ्याने तीस दिवसांत मालकी बदलाची खबर परिवहन कार्यालयात द्यावयाची असते.

आता घरी आल्यावरचे काम. माझा आग्रह असा की, किमतीचा दहावा हिस्सा पहिल्या आठवड्यासाठी बाजूला ठेवूनच सौदा करावा. इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर आणि डिझेल फिल्टर, विकणारा काहीही म्हणो, बदलावेतच. गिअरचे व हायड्रॉलिकचे ऑईल तपासावे, काळे वा दुधाळ असेल तर तेही बदलावे. फिल्टर बदलला की डिझेलच्या नळीतली हवा काढावी, नाहीतर इंजिन सुरू होणार नाही. ऑईल-बाथ एअर फिल्टर असेल तर तळाचा गाळ काढून खुणेपर्यंत स्वच्छ ऑईल भरावे. आपल्या काळ्या मातीची धूळ इंजिनाची मोठी वैरीण आहे. विहिरीच्या जड पाण्याने रेडिएटरमध्ये खर धरते, म्हणून त्यात कूलंट घालावे. गरम असताना त्याचे झाकण मात्र कधीही उघडू नये. सगळ्या निप्पलांना ग्रीस, चाकांचे नट घट्ट, आणि संध्याकाळी डिझेलची टाकी भरलेली, म्हणजे रात्री आत पाणी धरत नाही. आजची तारीख आणि मीटरचे तास वहीत लिहा. पुढची सर्व्हिस त्यावरूनच ठरेल.

"चालतोय तो बरा चालतोय, उगाच खर्च कशाला?" असे पुष्कळजण म्हणतात. इंजिनाच्या बाबतीत फार तर पैसा जाईल. पण एका गोष्टीत ही वृत्ती जिवावर बेतते. जुन्या ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टवरचे कव्हर बहुधा नाहीसे झालेले असते, आणि ते परत बसवण्याचे कोणी मनावर घेत नाही. हा शाफ्ट साधारणपणे मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर, धोतराचा सोगा किंवा गळ्यातला गमछा अडकला तर हात मागे घ्यायला वेळच उरत नाही. बैल गेला आणि झोपा केला, असे आपल्या घरी होऊ नये. पहिला रुपया त्या कव्हरवर खर्चा, नंतर ऑईलवर.

तब्येतीच्या आणखी काही गोष्टी. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली जाहीर केले आहे. डिझेलच्या दाबाच्या नळीची गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरून पाहा. ती धार कातडीत शिरली तर जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब इस्पितळ गाठा. जखमेवर जळके ऑईल लावू नका, आणि ते विहिरीजवळ ओतूही नका. सडकेवर दोन्ही ब्रेक एकत्र अडकवूनच चालवा. मडगार्डवर मुलांना बसवू नका.

शिकण्याची सोयही फार दूर नाही. सीहोर जिल्ह्यात नर्मदेकाठी बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण व चाचणी संस्था 1955पासून आहे. घरातल्या एका तरी मुलाने वा मुलीने तेथे शिकून यावे. बैलाला काय दुखते ते वाडवडिलांना न सांगता कळे. यंत्राचे दुखणे ओळखायला आपण शिकले पाहिजे.