थोरल्याला बाप करू नका

आपल्या वस्तीत कितीतरी घरांत बाप महिन्यातले वीस दिवस ट्रकवर असतो, नाहीतर आई दवाखान्यात रातपाळी करते. घरी दोन भाऊ, एक सोळाचा, एक तेराचा. थोरला पाणी भरतो, भात लावतो, धाकट्याला शाळेत धाडतो. गल्लीतल्या बाया म्हणतात, पोरगं बापाच्या जागी उभं राहिलं. आम्हाला या कौतुकाची भीती वाटते.

बाबासाहेबांचं बालपण थोडंफार असंच गेलं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त त्यांनी १९०१ सालची हकीकत दिली आहे. आई वारलेली, रामजीबाबा खटाव तालुक्यात कॅशियर. साताऱ्याच्या घरात बाबासाहेब, थोरले भाऊ आणि वारलेल्या बहिणीचे दोन मुलगे. आत्या प्रेमळ, पण पायाने अधू. पोरं शाळा करून स्वतःच रांधायची. भाकरी-पोळी जमेना म्हणून तांदूळ-मटण एकत्र शिजवून पुलावावर भागवायची. मसूर स्टेशनावर झालेला अपमान आपण भाषणांतून सांगतो, हा पुलाव कुणी सांगत नाही. आणि शेजारीही त्या मुलांवर लक्ष ठेवून होते, हेही नाही.

सोळाव्या वर्षी आठ तास तरी झोप लागते. आईला दार उघडायला जागणाऱ्या पोराला ती मिळत नाही. मग चिडचिड, वर्गात डुलक्या, धाकट्यावर हात उचलणं. धाकटा म्हणतो, तू काय माझा बाप आहेस? त्याचं बरोबरच आहे. थोरल्याने मात्र रडायचं कुणापाशी? तो टपरीवर जातो. गुटखाबंदी २०१२ पासून आहे म्हणतात, पुडी मिळतेच.

लांब असलेल्या बापाने फोन केला की आधी ‘धाकटा त्रास देतो का?’ हे विचारू नये. थोरल्याला विचारावं, तू जेवलास का, झोपलास का. धाकट्याशी वेगळं बोलावं. परतायचा दिवस सांगावा आणि तो हुकणार असेल तर तेही आधी कळवावं. मसूरला मुलांचं पत्र नोकराने वडिलांना दिलंच नव्हतं, म्हणून घ्यायला कुणी आलं नाही. आज खिशात फोन असून तसं व्हायला नको.

शेजाऱ्यांनी आठवड्यातून दोन रात्री तरी दोघांना जेवायला बसवावं. विहार संध्याकाळी अभ्यासाला उघडा ठेवावा आणि तिथे एखादा मोठा माणूस असावा, उपदेशाला नव्हे, सोबतीला.

पोरगं दोन आठवडे गप्प असेल, झोप उडाली असेल किंवा मरणाचं बोलत असेल, तर टेलिमानसला १४४१६ वर फोन करावा. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.